अक्काचा प्रोग्राम नव्या मशीनवर

१२ ऑक्टोबर १९९६, शनिवार. काम एकच: जुन्या संगणकाच्या डिस्कवर जे जे आहे ते टेपवर उतरवून घेणे.

तारीख लक्षात राहायचं कारण म्हणजे त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. आज नवीन काही हाती घेऊ नकोस, असं आईने सकाळीच बजावलं होतं. "नवीन नाही, जुनंच उतरवून घ्यायचंय," असं सांगून मी ऑफिसचा टेप ड्राइव्ह टॉवेलात गुंडाळला, पिशवीत घातला आणि अक्काबरोबर बसवनगुडीहून बस पकडून पेटेत, म्हणजे बंगळुरूच्या जुन्या बाजारपेठेतल्या तिच्या कारखान्यात गेले.

अक्का म्हणजे आईची मावसबहीण. नात्याने माझी मावशी, पण घरात लहानथोर सगळेच तिला अक्का म्हणत, म्हणून मीही. पन्नाशीची, एकटी, आमच्याच घराच्या माडीवर दोन खोल्या भाड्याने घेऊन राहणारी. आई भाडं नको म्हणाली की चिडायची. रेशमी साड्यांचे काठ आणि पदर काढणं हा तिचा धंदा. साडीवर जो मोर दिसतो तो आधी कुणीतरी चौकड्यांच्या कागदावर एकेक घर भरून काढलेला असतो. मग त्या घरांबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, कार्डं दोरीने एकमेकांना जोडून लांब माळ करतात आणि ती माळ मागाच्या डोक्यावर चढते. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला जागेवर राहतो. अक्काने तरुणपणापासून हे कागदावर केलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिच्या मालकांनी परदेशी संगणक आणला आणि त्याला जोडून कार्डं पाडणारं पंचिंग मशीन. कारखान्यातल्या पुरुषांनी त्याला हात लावायला नकार दिला. अक्काने लावला.

आता त्या संगणकाचं वय झालं होतं. डिस्क सुरू होताना पाट्यावर कोरडं खोबरं रगडल्यासारखा आवाज यायचा. संगणक बनवणारी कंपनी बुडाली होती, प्रोग्राम लिहिणारी तिच्याआधीच. प्रोग्रामचा मूळ मजकूर, सोर्स कोड, कुणाकडेच नव्हता, होता तो फक्त चालणारा प्रोग्राम.

मी टेप लावत असताना मालक दारात येऊन उभे राहिले. ते अक्काशी कन्नडमध्ये बोलत, मी इथे मराठीत लिहिते आहे.

"अक्का, स्पष्टच बोलतो. नवमीच्या आयुधपूजेला जे मशीन पूजेत बसेल ते वर्षभर चालेल. वडिलांपासूनची रीत आहे. पूजेत नाही ते भंगारात. सुरतेच्या माणसाने त्याचं मशीन आणून ठेवलंय, ते बघा, खोक्यात आहे. चालवणारा माणूसही तोच देणार."

"आणि मी, अण्णा?"

"तुम्ही घरच्याच. येत जा, कॉफी घेत जा."

मालक गेल्यावर अक्का मला म्हणाली, "ऐकलंस ना? घरचं माणूस केलं मला."

यातलं दुखणं मला माहीत होतं. काम गेलं तर तिला हुबळीला भावाकडे जावं लागणार होतं. भाऊ चांगला होता, वहिनीही वाईट नव्हती. पण तिथे तिची जागा स्वयंपाकघरात, वहिनीच्या डाव्या हाताला, हे आधीच ठरलेलं होतं. भावाने तसं प्रेमाने कळवलंही होतं. माडीवरच्या त्या दोन खोल्या अक्काच्या होत्या त्या केवळ मोर, हंस आणि रुद्राक्षकाठांच्या जोरावर. आयुधपूजेपर्यंत तिचा प्रोग्राम माझ्या ऑफिसच्या नव्या मशीनवर चालला पाहिजे, नाहीतर हुबळी. इतका सरळ हिशोब.

हा खटाटोप तिनेच माझ्या गळ्यात घातला होता. महिनाभर आधी जेवताना म्हणाली, "पुट्टी, तुमच्या ऑफिसात ते काय करताय ना, दुसऱ्या मशीनचं सोंग घेणारं मशीन, ते माझ्या मशीनचं सोंग घेईल का?"

खरं सांगायचं तर आमच्या कामाचं इतकं सोपं वर्णन तोवर आमच्यापैकी कुणाला जमलं नव्हतं.

ऑफिस जे. पी. नगरात एका घराच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली घरमालकांचं कुटुंब, समोर रिकामे प्लॉट, त्यांत गाजरगवत आणि कुणाच्या तरी गायी. दुपारी वीज जायची, मग बॅटऱ्या घरघरायला लागायच्या आणि कुणीतरी ओरडायचं, "सेव्ह करा रे!" आता तिथे काचेची इमारत आहे आणि रस्ता ओलांडायला हिंमत लागते. तेव्हा आम्ही दुपारच्या जेवणानंतर त्याच रस्त्याच्या मधोमध चालत कोपऱ्यावर कॉफीला जायचो. बाय-टू कॉफी, म्हणजे एका कपाची दोघांत वाटणी. कोण कुणाशी वाटून घेतं यावरून ऑफिसातली भांडणं कळायची.

आम्ही तिथे एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवत होतो. कुठलाही प्रोग्राम स्वतः फारसं काही करत नाही, तो सतत सिस्टिमला हाका मारत असतो: ही फाईल उघड, तिथलं वाच, अमक्या तारेवर काही येईपर्यंत मला थांबव. या हाकांना सिस्टिम कॉल म्हणतात. जुन्या सिस्टिममध्ये सगळ्या हाकांना एकच मोठा गाभा ओ देत असे. आमचा गाभा मुद्दाम छोटा ठेवलेला होता, मायक्रोकर्नल. तो फक्त निरोप इकडून तिकडे पोचवायचा. फायली सांभाळणं, तारांवर लक्ष ठेवणं ही कामं बाहेर बसलेले वेगवेगळे सर्व्हर करायचे. एक बिघडला तर बाकीचे तगावेत, हा हेतू. आणि जुने प्रोग्राम जसेच्या तसे चालावेत म्हणून एक सर्व्हर असा होता की जुन्या प्रोग्रामने हाक मारली की याने जुन्या सिस्टिमच्या आवाजात ओ द्यायची. प्रोग्रामला आपण परक्या घरात आहोत हे कळताच कामा नये. माझी नोकरी ते तपासण्याची.

आमच्या गटाचा प्रमुख पुण्याचा. हुशार, जलद बोलणारा, स्वतःच्या विनोदांवर आधी हसणारा. माझ्या बंगळुरी मराठीला तो शिवकालीन म्हणायचा. मी म्हणायची, तुझ्या मराठीत मराठी कुठे असते ते दाखव, मग बोलू. अक्काच्या प्रोग्रामचं सांगितल्यावर तो खुश झाला. आमच्याजवळ चाचणीचे प्रोग्राम पोत्याने होते, पण सगळे आम्हीच लिहिलेले. बाहेरच्या जगातला, वर्षानुवर्षं राबलेला एकही नव्हता.

"आण तुझ्या मावशीचा सिल्क साडी प्रोग्राम," तो म्हणाला. "चालला तर मशीन त्यांना वापरायला देऊ. फर्स्ट कस्टमर!"

सोमवारी टेप नव्या मशीनवर उतरवली. प्रोग्राम पहिल्याच हाकेला उठला. हिरव्या अक्षरांत परदेशी कंपनीचं नाव आलं, खाली मेन्यू. सगळे माझ्या टेबलाभोवती गोळा झाले. मी नक्ष्यांची यादी मागितली आणि पडद्यावर कचरा आला.

कारण लवकर सापडलं. हल्ली फोल्डरमध्ये काय आहे ते विचारायची वेगळी हाक असते. हा प्रोग्राम इतका जुन्या वळणाचा होता की फोल्डरही साध्या फाईलसारखं उघडून स्वतःच वाचत होता.

"डायरेक्ट हात घालतो! काय रानटी माणसं होती," प्रमुख कौतुकाने म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्ती करून दिली. यादी नीट आली. अक्काचे हंस, कोयऱ्या, गोपुरं, सगळे ओळीत उभे.

गुरुवारी ऑटोने नवं मशीन पेटेत नेलं. पंचिंग मशीन जागचं हलण्यासारखं नव्हतं, ते लोखंडाचं धूड होतं. तार जोडली. अक्काने लहानसा बुट्टीचा नमुना निवडला आणि बटण दाबलं. खटाखट कार्डं पडायला लागली. मालक खुर्ची ओढून बसले. थोड्या वेळाने खटखट थांबली. आम्ही वाट बघितली. पडद्यावर काही नाही, मशीनमध्ये काही नाही.

"बसलं," मालक म्हणाले.

बंद करून पुन्हा चालवलं. पुन्हा थोडी कार्डं, पुन्हा बसलं. प्रत्येक वेळी वेगळ्या ठिकाणी.

"सरी, बरं," मालक उठले. "नवरात्र आहे, खोटं बोलत नाही. रविवारी पूजा. अजून वेळ आहे तुम्हांला. स्वल्पच आहे, पण आहे."

अक्का मला म्हणाली, "तू घाबरू नकोस." म्हणजे ती घाबरली होती.

मला घाबरायला सवड नव्हती. मी तार पुन्हा जुन्या संगणकाला लावली आणि मधे दिव्यांचा डबा बसवला. हातात मावणारा एक डबा असतो, तारेवरून इकडून काही गेलं की एक दिवा चमकतो, तिकडून आलं की दुसरा. अक्काला म्हटलं, तुझं काम चालू ठेव. ती दिवाळीच्या मागणीच्या पदराची कार्डं पाडत होती, शिवाय उरलेला पदर त्याच संगणकावर रोज काढत होती. मी स्टूल घेऊन डब्यासमोर बसले आणि बघत राहिले. संगणकाचा दिवा, मग पंचिंग मशीनचा. म्हणजे हे कार्ड पाड, पाडलं. हे पाड, पाडलं. मग एकदा संगणकाचा दिवा चमकला आणि पलीकडून उत्तरच नाही. दोन क्षण सगळं स्तब्ध. मग संगणकाचा दिवा पुन्हा चमकला, आणि या वेळी उत्तर आलं.

"हे असं नेहमी होतं?" मी विचारलं.

"कसं?"

"मधेच अडखळतं."

"अडखळतं की. माणूस नाही का अडखळत?"

नव्या मशीनवर तार लावून तेच बघितलं. संगणकाचा दिवा चमकला, उत्तर नाही, आणि मग संगणकाचा दिवाही पुन्हा चमकला नाही. तो उत्तराची वाट बघत बसला तो बसलाच.

त्या गप्प बसण्याचं कारणही सापडलं. कार्ड दमट असलं की फुगतं, आत नीट सरकत नाही आणि पंचिंग मशीन मुकं होतं. प्रोग्राम लिहिणाऱ्याला हे ठाऊक असावं. वाट बघायला बसण्यापूर्वी प्रोग्राम गजर लावून ठेवायचा. उत्तर आलं तर ठीक. नाही आलं तर गजर वाजायचा, वाट बघणं मोडायचं, आणि प्रोग्राम तेच कार्ड पुन्हा पाठवायचा. त्याच कार्डावर तीच भोकं, त्यामुळे नुकसान काही नाही. आमच्या सिस्टिमवर गजर वाजायचा, पण वाट बघणं मोडत नव्हतं.

शुक्रवारी ऑफिसात हे मांडलं. प्रमुखाने ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"प्रोग्राम चुकीचा आहे."

"आठ वर्षं चाललाय."

"चालू दे. गजर वाजला तर तो अटेंड करायचा आणि परत वाट बघायला बसायचं, हे करेक्ट बिहेवियर. वाट बघणं मोडलं तर अर्धवट आलेला डेटा जाईल. आणि आपल्याकडे ते इतकं सोपं नाही, मॅडम. रिक्वेस्ट सर्व्हरकडे पोचलेली असते. तू इकडे वाट बघणं मोडलंस आणि तिकडून उत्तर निघालं, तर ते कुणी घ्यायचं? रस्त्यात पडू द्यायचं?"

यात तथ्य होतं. म्हणून मी थांबले, पण थोडंच.

"नियमांचं पुस्तक काय म्हणतं?"

"पुस्तक म्हणतं, व्यत्यय येऊ शकतो. शकतो! म्हणजे आला पाहिजे असं नाही. बाय द बुक आपण बरोबर आहोत."

"पुस्तकाला कार्डं पाडायची नाहीत."

तो हसला. मी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे त्याच्याच हस्ताक्षरात एक कागद चिकटवलेला होता: वाद घालू नका, जुन्या मशीनला विचारा. हा आमच्या ऑफिसचा कायदा. कुठल्याही हाकेला काय ओ द्यायची यावर दोघांचं जुंपलं की उठायचं, कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर छोटी चाचणी चालवायची आणि ते जे म्हणेल ते मुकाट्याने मान्य करायचं. मला तो कायदा फार आवडायचा. माणसांचे कितीतरी तास वाचत.

"विचारलंय," तो म्हणाला. "कोपऱ्यातलं मशीन परत वाट बघायला बसवतं. गो अँड सी."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुन्या सिस्टिमची दोन घराणी होती. नाव एक, पूर्वज एक, पण वेगळ्या विद्यापीठांत आणि कंपन्यांत वाढलेली, रीती निराळ्या. आमचं सोंग दोन्ही घराण्यांच्या प्रोग्रामांसाठी होतं. पण कोपऱ्यात मशीन एकच होतं, दुसऱ्या घराण्याचं यायचं होतं ते कधी आलंच नाही. ते येईपर्यंत म्हणून आम्ही सगळे प्रश्न एकाच मशीनला विचारत गेलो आणि मग ते एकच आहे हे विसरून गेलो.

"सासरच्या रीती माहेरच्या आजीला विचारून ठरवल्यात तुम्ही," मी म्हटलं.

त्याने कोपऱ्यातल्या मशीनकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग सासरच्या आजी असतात कुठे?"

"पेटेत. आणि शेवटच्या घटका मोजतायत. यायचं असेल तर उद्याच ये."

शनिवारी, अष्टमीला तो आला. खिशात फ्लॉपी, बाह्या वर केलेल्या. कारखान्यात आवराआवर चालली होती, माग पुसत होते, आंब्याचे टाळे येऊन पडले होते. त्याने अक्काला वाकून नमस्कार केला, तेवढं पुण्याचं वळण होतं, आणि जुन्या संगणकासमोर बसला. पहिला प्रश्न गजराचा. त्याने चाचणी चालवली. उत्तर आलं: वाट बघणं मोडलं, व्यत्यय आला.

"ओके," तो म्हणाला. "मी हरलो."

इथे उठायला हवं होतं. पण त्याने दुसरी चाचणी चालवली, ज्याच्याविषयी काही वाद नव्हता. तिचंही उत्तर आमच्याहून वेगळं. तिसरी, चौथी. तो "अरेच्चा!" म्हणत होता, "वा!" म्हणत होता, मधेच मांडीवर थाप मारत होता. वर्षभर आम्ही निम्म्या ग्राहकांसाठी चुकीच्या रीती शिकत आलो होतो आणि हा माणूस हरखून गेला होता. मला त्याचा रागही आला आणि समजलंही. अक्का कॉफी घेऊन आली, तिने पेला त्याच्या कोपराशी ठेवला, त्याला कळलंही नाही.

"आता पुरे," मी म्हटलं. "डिस्कचा आवाज ऐकतोयस ना?"

"एकच. लास्ट."

पाट्यावरचं रगडणं चढलं, एक कर्कश ओरखडा आला आणि मग काहीच आलं नाही. पडदा तसाच हिरवा उभा. त्याने बंद करून चालू केलं. पुन्हा केलं. डिस्क फिरेना.

अक्का पदराला हात पुसत पुढे आली.

"काय झालं?"

मीच म्हटलं, "गेली."

अक्का खाली बसली. टेपवर अमावास्येपर्यंतचं सगळं होतं. त्यानंतर नवरात्रभर तिने काढलेला दिवाळीचा पदर मात्र त्या डिस्कवरच होता आणि त्याची अर्धीच कार्डं पडली होती. कागदावर ती आता काढतच नसे. आणि पूजा दुसऱ्या दिवशी.

"अक्का, सॉरी," प्रमुख म्हणाला. चेहरा उतरला होता. "रिअली सॉरी. माझ्यामुळे..."

"सॉरी मागावर चढत नाही," अक्का म्हणाली. मग विचारलं, "तुम्हांला विचारायचं होतं ते विचारून झालं का?"

"झालं. जवळजवळ."

"मग तिने सगळं सांगून प्राण सोडला म्हणायचं. आता तुम्ही करा."

तो उठला, थंड झालेली कॉफी उभ्याउभ्या घशाखाली घातली आणि स्कूटरला किक मारून निघून गेला. मी आणि अक्का बसने घरी आलो. वाटेत ती एकच वाक्य बोलली: "हुबळीत उन्हाळा फार असतो गं."

रविवारी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा तो पायरीवर बसलेला होता, अंघोळ केलेला, डोळे लाल. सांगायला लागला. वाट बघणं मोडायचं असेल तर आधी सर्व्हरला सांगायचं की रिक्वेस्ट रद्द कर. उत्तर आधीच निघालेलं असेल तर उत्तर खरं, गजर नंतर. निघालेलं नसेल तर रद्द, आणि प्रोग्रामला "व्यत्यय आला". त्यामुळे रस्त्यात काही पडत नाही. आणि कुठला प्रोग्राम कुठल्या घराण्याचा हे सुरुवातीलाच बघायचं, त्याप्रमाणे रीत. मला पटलं, त्याने फ्लॉपीवरून दुरुस्ती मशीनवर चढवली. तरी मी त्याला बाजूला सारलं, कार्डांच्या चळतीतलं एक कार्ड ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं आणि चांगलं फुगल्यावर मधोमध घातलं. आपोआप अडखळेल म्हणून वाट बघत बसायला आमच्याकडे वेळ नव्हता.

मालक सोवळं नेसून आले. मागे भटजी, परातीत कुंकू, झेंडू, कोहळा. बाकीच्या मागांना गंध लागलं होतं, राहिलं होतं फक्त हे टेबल. सुरतेचं खोकं भिंतीशी, दोरी सोडलेली.

अक्काने बटण दाबलं. खटाखट. दिव्यांच्या डब्याकडे मी बघत होते, बाकी सगळे मशीनकडे. खटखट चालली, चालली आणि थांबली. माझं कार्ड.

भटजींनी सवयीने मंत्र सुरू केला होता, तोही थांबला.

संगणकाचा दिवा पुन्हा चमकला. खट्. आणि खटाखट पुढे.

प्रमुखाने हवेत मूठ मारली. मालकांच्या कपाळावर मात्र आठी.

"हे जुन्यासारखंच अडखळतं," ते म्हणाले. "नवं मशीन आणि अडखळतं?"

प्रमुख इंग्रजीत काहीतरी समजावायला लागला. अक्काने त्याला हातानेच थांबवलं.

"अण्णा, हे अडखळून पुढे जातं. परवाचं अडखळून बसत होतं. तुम्हांला कुठलं पूजेत हवं?"

मालकांनी माळ पूर्ण पडेपर्यंत वाट बघितली. शेवटचं कार्ड हातात घेऊन उजेडाकडे धरलं, भोकांतून दाराबाहेर पाहिलं, जुन्या कार्डावर ठेवून बघितलं. मग परात मागवली आणि आमच्या मशीनच्या पडद्यावर बोटाने गंधाच्या तीन आडव्या रेघा ओढल्या, वर कुंकू. खोक्याची दोरी परत आवळायला सांगितली. बाहेर कोहळा फुटला.

आमची कंपनी फार टिकली नाही. मोठ्यांच्या सिस्टिम स्वस्त झाल्या, आमचं सोंग घ्यायला कुणी ग्राहक उरले नाहीत, एकेक जण परदेशी गेला, प्रमुख सगळ्यांच्या आधी. अक्काने मात्र त्या मशीनवर आणखी कितीतरी दिवाळ्यांचे पदर काढले. कंपनीच नसल्यामुळे काही अडलं तर मला बोलवायची, आणि मी जायची. पुढे तिने स्वतःच काम सोडलं, डोळे दमले म्हणून. हुबळीला ती लग्नकार्यापुरती गेली. अशी नोकरी मला परत मिळाली नाही. पुढच्या नोकऱ्यांत पगार चांगले होते आणि भिंतीवर कागद कुणी चिकटवत नसे.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सकाळीच अक्काबरोबर पेटेत गेले. बुडालेला पदर पहिल्यापासून काढायचा होता आणि दिवाळी समोर होती. मालकांनी कुंकू हात सैल सोडून टाकलं होतं, कीबोर्डात आणि फ्लॉपीच्या खाचेत सगळीकडे शिरलं होतं. मी पिशवीतून जुना टूथब्रश काढला.

"आय्यो, पुसू नकोस, पूजेचं आहे," अक्का म्हणाली.

"पडद्यावरचं ठेवते. फटीतलं काढते."

तिने मला काढू दिलं. मग खुर्ची पुढे ओढून मशीन चालू केलं आणि पहिल्या घरापासून हंसाची चोच काढायला घेतली. मी ब्रश झटकला, तिच्याकडे दिव्यांचा डबा ठेवला आणि जे. पी. नगरची बस पकडली. सुट्टी होती, पण ऑफिसची किल्ली माझ्याकडे होती आणि त्या जुन्या मशीनने जाण्यापूर्वी दिलेली बाकीची उत्तरं तपासायची राहिली होती.